माईची वाई

पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्याने खंबाटकीचा घाट उतरला, की थोड्याच अंतरावर सुरूरचा फाटा लागतो. तेथून उजव्या हातास वळले म्हणजे वाईचा रस्ता सुरू होतो. या रस्त्याच्या दुतर्फा जुने वड आहेत, आणि त्यांच्या पारंब्या मोटारीच्या टपाला लागतील की काय असे नवख्या माणसास वाटते. पुणे ते वाई हे अंतर सुमारे ९० किलोमीटर. सकाळचा चहा घेऊन निघालेला मनुष्य दुपारी वाईस जेवून रात्रीच्या जेवणास सुखाने घरी परत येऊ शकतो. हे सारे इतक्या तपशिलाने लिहिण्याचे कारण एवढेच, की हे ९० किलोमीटरांचे अंतर आमच्या आईच्या अखेरच्या वीस वर्षांत आमच्या हातून एकदाही तोडले गेले नाही. ते तोडले गेले २०२४ च्या माघ महिन्यात, आणि त्या वेळी ती तांब्याच्या कलशात होती.

घरात लहानथोर सगळे तिला माई म्हणत. तिचा जन्म १९३५ सालचा, वाईचा. १९५३ साली लग्न होऊन ती पुण्यास सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत आली. वाईस आगगाडी नाही. म्हणून वऱ्हाड वाठार स्टेशनापर्यंत मोटारीने आणि पुढे आगगाडीने आले. त्या प्रवासात आपण किती रडलो हे ती कधी सांगत नसे. वाठारच्या फलाटावर आपली नवी चप्पल हरवली आणि सासरच्या उंबऱ्यावरचे माप आपण अनवाणी ओलांडले, एवढेच हसत सांगे. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या वाईच्या रास्त्यांच्या कन्या. माईस या गोष्टीचा फार अभिमान. "आमच्या वाईच्या दोन मुली पुण्यास दिल्या," असे ती म्हणे, "एक शनिवारवाड्यात पडली, दुसरी तुमच्या या खुराड्यात."

माईच्या बोलण्यात वाई हे गाव नव्हते, ते एक माप होते. कोणतीही उंच, रुंद, जाड वस्तू दिसली की ती ढोल्या गणपतीशी ताडून पाहावयाची. आमचे धाकटे चिरंजीव बाळपणी अंगाने चांगले भरलेले होते, त्यांना ते नाव चिकटले ते कायमचे. पुण्यास मुठेला पूर आला, लोक पुलावर गर्दी करून पाहू लागले, की ही म्हणे, "याला पूर म्हणतात होय?" हळद वाईचीच हवी. दुसरी कोणती हळद भाजीत पडली तर ती एका घासात ओळखी, आणि त्यावरून प्रस्तुत लेखकाच्या पत्नीशी, म्हणजे घरच्या थोरल्या सुनेशी, तिचे जे खटके उडत ते येथे लिहिण्यासारखे नाहीत. माई प्रेमळ होती, परंतु जिभेने तिखट होती. मृत्यूनंतर माणसाच्या स्वभावातले तिखट काढून टाकून उरलेले गोड तेवढे वर्णन करण्याची चाल पडली आहे. तसे केले तर ही आमची माईच नव्हे असे नातवंडे म्हणतील.

तिचे शिक्षण सातवीपर्यंत झाले. त्यापुढे शिकावयाचे राहिले याची खंत तिने उघड कधी केली नाही. मात्र वाईच्या विद्येचा विषय निघाला की तिला थांबविणे कठीण होई. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांची प्राज्ञपाठशाळा वाईची. १९१७ साली विनोबा भावे आश्रमातून रजा घेऊन तेथे शिकावयास येऊन राहिले होते. धर्मकोशाचे काम वाईचे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी वाईचे. आणि मराठी विश्वकोशाचे कार्यालयही मुंबईपुण्यास न होता वाईस झाले. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला, तो आमच्या वडिलांनी विकत आणला. माईने तो पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिले आणि मगच उघडू दिला. पुढे दुपारची झाकपाक उरकली की चष्मा लावून ती त्यातले एखादे पान वाची. समजले किती आणि न समजले किती, हे आम्ही कधी विचारले नाही. विचारावयास हवे होते, असे आता वाटते.

माहेरचे घर २००३ साली विकले गेले. वडील मामा वारले, धाकट्या मामांची मुले परगावी स्थायिक झाली, आणि मागल्या पडवीची भिंत एका पावसाळ्यात बसली. तेव्हा दुसरे काही करणे शक्यही नव्हते. कागदावर सही करण्यास माई गेली, ती तिची शेवटची खेप. परत आली तेव्हा तिच्या पिशवीत देव्हाऱ्यातली एक लहान घंटा आणि पाटा-वरवंट्यापैकी नुसता वरवंटा होता. पाटा फार जड म्हणून तिथेच राहिला.

त्यानंतर वाईस जाण्याचे निमित्त एकच उरले, ते म्हणजे कन्यागत. गुरू कन्या राशीत प्रवेश करतो तेव्हा गंगा कृष्णेच्या भेटीस येते अशी श्रद्धा आहे, आणि हा योग बारा वर्षांनी एकदा येतो. गोदावरीला सिंहस्थ तसे कृष्णेला कन्यागत. १९९२ च्या कन्यागतात माई भावांबरोबर घाटावर स्नान करून आली होती. २००४ च्या वेळी आमचे वडील अंथरुणाला खिळले होते; त्यांना सोडून जाण्याचा विचारही तिच्या मनात आला नसावा. २०१६ साली मात्र कोणतीही अडचण नव्हती. ऑगस्टमध्ये पर्वकाळ होता. दिवस ठरला, मोटार ठरली, माईने स्नानानंतर नेसावयाचे लुगडे काढून ठेवले. आदल्या संध्याकाळी आमच्या कचेरीतून फोन आला आणि आम्ही दुसरे दिवशी कामावर गेलो. ते काम काय होते हे आज आठवू म्हटले तर आठवत नाही.

त्या रात्री माई एवढेच म्हणाली, "असू दे. पुढच्या कन्यागताला जाऊ हो." तिचे वय तेव्हा ८१ होते. आम्ही हसलो, तीही हसली. पर्वकाळ म्हणजे काही एक दिवस नव्हे, वर्षभर केव्हाही जाता आले असते. परंतु एकदा हसून विषय मिटला की तो पुन्हा काढावयाचा कोणी, हा प्रश्न पडतो. तो आम्ही काढला नाही, आणि तिने तर नाहीच नाही.

२०२४ च्या माघात, एका पहाटे, फारसे आजारपण न होता ती गेली. अस्थी नाशिकास न्याव्या की आळंदीस, याची चर्चा घरात चालू होती. नातेवाइकांत प्रत्येकाचे मत वेगळे. इतक्यात तिच्या ट्रंकेतील कागदपत्रे पाहताना थोरल्या सुनेला तळाशी २०१६ सालचे पंचांग मिळाले. वर्ष संपल्यावर पंचांग घरात ठेवू नये, ते नदीत सोडावे अथवा झाडाच्या बुंध्याशी ठेवावे, हा नियम माईचाच. तिनेच मोडलेला. कन्यागताचे पान दुमडलेले होते आणि समासात हळदीच्या बोटाचा डाग होता. स्वयंपाक करता करता उठून, हातही न धुता तिने ते पान उघडून पाहिले असावे. एकदाच पाहिले की पुष्कळदा, ते डागावरून सांगता येत नाही. सूनबाईंनी पंचांग आमच्यापुढे ठेवले आणि त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. मग चर्चा झाली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी निघालो. प्रस्तुत लेखक, सपत्नीक. आमचे धाकटे बंधू. आणि आमची थोरली कन्या. अस्थिकलश जमिनीस टेकवू नये म्हणून कन्येने तो लाल वस्त्रात गुंडाळून मांडीवर घेतला आणि वाईपर्यंत कोणाकडे दिला नाही. आजीच्या गोष्टी तिने सर्वांत अधिक ऐकल्या होत्या. खंबाटकीच्या चढाला मोटार लागली तेव्हा ती कलशाकडे न पाहता, खिडकीबाहेर पाहत, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आजी, खंबाटकी आला." पूर्वी एस.टी.ने जाताना माई येथे नेहमी सावरून बसे, केसांवरून हात फिरवी आणि म्हणे, "आता माझे माहेर सुरू झाले." भूगोलाच्या दृष्टीनेही ते चुकीचे नाही. घाट उतरला की वाई तालुकाच लागतो.

वाईचे पहिले दर्शन डोंगरांचे होते. एका अंगास पांडवगड, दुसरीकडे वैराटगड, समोर पसरणीच्या घाटाची पाचगणीकडे चढत गेलेली वाट, आणि या सर्वांच्या ओंजळीत उसाची व हळदीची शेते. पांडव अज्ञातवासात होते ती विराटनगरी हीच, असे वाईकर सांगतात. या दाव्याला आमच्या देशात इतर गावेही भागीदार आहेत, तेव्हा तो वाद नको. दक्षिण काशी हे नाव मात्र शोभते. नदीच्या काठाने घाटामागून घाट, आणि देवळामागून देऊळ. मराठेशाहीत रास्त्यांनी गावावर मुक्तहस्ते पैसा खर्चिला. आनंदराव भिकाजी रास्ते यांचे काशीविश्वेश्वराचे देऊळ १७५७ सालचे, गणपतराव भिकाजींचे गणपतीचे १७६२ चे.

आणि येथे आमची एक विलक्षण अडचण झाली. माघापासून पुढे कित्येक आठवडे वाईस कृष्णाबाईचा उत्सव चालतो. नदीलाच येथे देवी मानतात. एकेक आळी आपापल्या घाटावर मांडव घालते, कृष्णाबाईची मूर्ती वाजतगाजत तेथे आणून बसविते, कीर्तने, आरत्या, हळदीकुंकू आणि महाप्रसाद होतो. एका घाटाचा उत्सव आटोपला की पुढच्या घाटाचा सुरू. १६५९ साली अफझलखानाचा तळ वाईस पडला असता, शिवाजी महाराजांना यश यावे म्हणून कृष्णामाईला केलेल्या नवसातून हा उत्सव निघाला, अशी परंपरा सांगतात. माईच्या गोष्टींत दिवाळीपेक्षा मोठा सण हाच. आम्ही पोहोचलो तेव्हा एका घाटावर उत्सव भरात होता. मांडव दिसत होता, आरतीची झांज ऐकू येत होती, रेशमी वस्त्रांतील स्त्रिया ताटे घेऊन पायऱ्या उतरत होत्या. इतक्या वर्षांनी माई उत्सवाला येऊन पोहोचली होती, आणि आम्हांस सुतक होते.

सुतकात मांडवात जावयाचे नाही, देवळाची पायरी चढावयाची नाही, प्रसाद घ्यावयाचा नाही. हे नियम आम्हांस माईनेच शिकविले. आजकाल हे कोण पाळतो, असे म्हणणारे वाचक असतील. आम्हीही एरवी तसेच म्हणतो. पण त्या दिवशी तिचाच नियम तिच्याच कलशासमोर मोडण्याचे धैर्य आम्हांपैकी कोणासही झाले नाही. गुरुजी समंजस होते. त्यांनी आम्हांस गर्दीपासून दूर, प्रवाह जरा खेळता होता अशा ठिकाणी नेले.

नदी पाहून कन्येचा चेहरा उतरला. ती काही बोलली नाही, तरी तिच्या मनात काय आले हे कळण्यासारखे होते. आजीच्या गोष्टींतली कृष्णा म्हणजे उन्हाळ्यातही पोहावयास पुरणारे डोह, पाठीला वाळक्या भोपळ्यांची सांगड बांधून घाटावरून टाकलेल्या उड्या. समोरची कृष्णा बेताची होती, कडेला जलपर्णी साचलेली, आणि पाण्याला जावयाची घाई नव्हती. वरच्या अंगास धोमचे धरण १९८० च्या सुमारास पुरे झाले. तेव्हापासून वाईच्या नदीत पाणी किती असावे हे आकाशाइतकेच धरणाच्या दारांवरही ठरते. त्या धरणाच्या पाण्यावरच खालची शेते हिरवी झाली, म्हणून तक्रार कोणापाशी करावयाची? माईने धरण झाल्यानंतरची नदीही पाहिली होती. १९९२ मध्ये तर तिने त्याच नदीत स्नान केले होते. परंतु नातवंडांना गोष्ट सांगताना तिने नेहमी धरणाच्या आधीचीच नदी सांगितली.

विधी आटोपले. अस्थी पाण्यात सोडल्या त्या बंधूंनी आणि आम्ही मिळून. हार, वस्त्र आणि फुले पाण्यात टाकू नयेत असे कन्येने आधीच बजावले होते, गुरुजींनीही मान डोलावली, आणि ते सर्व पिशवीत घालून परत आणले. कलश रिकामा झाल्यावर कन्येने तो विसळला आणि पालथा धरून पाणी निथळू दिले, जसा माई पूजेचा तांब्या धरी.

देवळात जाता येत नव्हते म्हणून ढोल्या गणपतीचे दर्शन आम्ही मागून घेतले. हे वाचून हसू येईल, पण या देवळाची पाठ पाहण्यासारखीच आहे. नदीच्या अगदी काठावर बांधावयाचे, तेव्हा पुराचा तडाखा बसणार हे बांधणारांनी ओळखले होते. म्हणून मागची भिंत सपाट न ठेवता माशासारखी, दोन बाजूंनी निमुळती होत टोकाशी मिळणारी अशी केली आहे. पुराचे पाणी त्या टोकावर येऊन दुभंगते आणि दोहोंकडून निघून जाते. माई लहानपणी गच्चीवर उभी राहून ते पाहत असे. "गणपती आत नुसता बसलेला असतो," ती सांगे, "सगळे काम मागची भिंत करते." घरात काही संकट आले, कोणाची नोकरी गेली, कोणाचे लग्न मोडले, की सर्वांना जेवावयास वाढून, स्वतः मागे स्वयंपाकघरात उभी राहणारी माई आम्ही पन्नास वर्षे पाहिली. त्या भिंतीसमोर बंधू बराच वेळ उभे होते.

परतण्यापूर्वी मेणवलीस गेलो. वाईपासून ते ३ किलोमीटरांच्या आसपास. नाना फडणविसांचा वाडा तेथे नदीकाठी आहे. पेशवाईच्या कागदपत्रांचे प्रसिद्ध मेणवली दप्तर याच वाड्यातले. वाड्यामागे घडीव दगडांचा प्रशस्त घाट उतरतो. आमच्या पिढीने तो इतिहासात वाचला, कन्येच्या पिढीने तो २००४ च्या 'स्वदेस' चित्रपटात पाहिला. या घाटावर एका लहानशा दगडी इमारतीत एक थोरली पंचधातूची घंटा टांगलेली आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा तेथील ख्रिस्ती देवळांतल्या घंटा मराठ्यांनी आणून ठिकठिकाणच्या देवस्थानांस दिल्या. त्यांपैकी ही एक, १७०७ साली ओतलेली. तिच्यावर बाळ येशूला कडेवर घेतलेल्या मेरीची आकृती आहे.

माईस लहानपणी कोणी सांगितले होते, की ती यशोदा आणि बाळकृष्ण. ती कित्येक वर्षे यशोदा म्हणून तिला नमस्कार करीत असे. पुढे मोठेपणी खरी हकीकत कळली तेव्हा घरात सगळ्यांनी तिची थट्टा केली. तेव्हा तिने दिलेले उत्तर आमच्या घरात म्हणीसारखे झाले आहे: "नाव चुकले असेल, कडेवर मूल आहे ना?" सूनबाईंनी ती गोष्ट पुष्कळदा ऐकली होती, आणि खरे सांगावयाचे तर त्यांना ती जराशी कंटाळवाणीही वाटे. त्या दिवशी त्या घंटेपाशी गेल्या, आकृती नीट निरखून पाहिली, आणि हात जोडले. सुतकात देवाला नमस्कार चालत नाही हे त्यांना ठाऊक होते. "हा देवाला नव्हे," त्या आमच्याकडे न पाहता म्हणाल्या.

सुतक फिटल्यावर, फाल्गुनात, आम्ही पुन्हा गेलो. या खेपेस दोन मोटारी भरून, बारा माणसे, सर्व नातवंडे. कारण आमच्या आजोळच्या आळीचा उत्सव अद्याप व्हावयाचा राहिला होता. आळीचे नाव मुद्दाम लिहीत नाही. सात घाटांच्या गावात वाईकर मंडळी एवढ्यावरून घर ओळखतील, आणि त्या घरात आता दुसरे सज्जन कुटुंब राहते. आम्ही बाहेरूनच पाहिले. पडवी नवी झाली आहे. मागल्या अंगणात तो पाटा अजून असेल का, हा प्रश्न धाकट्या नातवाने विचारला, आणि मोठ्यांनी त्याला गप्प केले.

मांडवात मात्र हक्काने गेलो. कृष्णाबाई नटूनथटून बसली होती. मुलींनी ओटी भरली. तेथे हळदीकुंकवाच्या गर्दीत एका कडेला खुर्चीवर बसलेल्या वृद्ध बाईंनी सूनबाईंना जवळ बोलावून विचारले, "कोणाच्या हो तुम्ही? इथल्या दिसत नाही." सूनबाईंनी आजोळचे आडनाव सांगितले, घर सांगितले. बाई क्षणभर स्तब्ध झाल्या, आणि मग त्यांनी एक नाव उच्चारले. ते माईचे माहेरचे नाव. लग्नात बदललेले ते नाव आम्ही आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकत होतो; पहिल्यांदा ते घर विकल्याच्या कागदावर पाहिले होते, पण ते वाचणे झाले, ऐकणे नव्हे.

"गेली का ती," बाई म्हणाल्या, विचारले नाही. थोड्या वेळाने नातवंडांना जवळ घेऊन त्यांनी चौकशी सुरू केली, आणि साहजिकच पोहण्याचा विषय निघाला. आजी पुरात पैलतीर गाठून परत येई, असे आमच्या ढोल्या गणपतीने मोठ्या अभिमानाने सांगितले.

"कोण म्हणते?" बाई एकदम ताठ झाल्या. "पोहते कसली! भोपळा सुटला नि गटांगळ्या खाऊ लागली. माझ्या थोरल्या बहिणीने वेणीला धरून ओढली काठाला. तुमच्या पणजोबांनी असा मार दिला, की पुन्हा महिनाभर घाटाची पायरी उतरली नाही."

नातवंडे थक्क झाली, आणि मग जी हसू लागली ती थांबेनात. आम्हांसही हसू आवरेना. साठ वर्षे आमच्या घरात ज्या पराक्रमाच्या गोष्टीवर मुले वाढली, ती एका वाक्यात बुडाली. परंतु कन्या हसत नव्हती. ती बाईंच्या पायांशी बसून पुढे विचारीत होती. कोणत्या घाटावर? वेणी केवढी होती? मार खाल्ल्यावर आजी काय म्हणाली? बाईंना सारे आठवत होते. त्या सांगत गेल्या. भोपळा कोणाच्या परसातला, वेणीला कोणते फूल, आणि मार खाल्ल्यावर ती रडली नाही तर "पण मी अर्ध्यापर्यंत गेले होते" असे म्हणाली म्हणून आणखी एक रट्टा बसला. हे शेवटचे ऐकून बंधू म्हणाले, "ही मात्र आमचीच माई."

दुपारी पंगत बसली. आम्ही आणि बंधूंनी उपरणे कमरेला बांधून वाढप केले. बाईंच्या पानाशी आलो तेव्हा त्यांनी वर पाहून विचारले, "किती वर्षांत आली नव्हती ती?" "वीस," आम्ही म्हणालो. "पुण्याहून?" "होय." त्यांनी पानावर हात आडवा धरून भात पुरे म्हटले आणि जेवू लागल्या. त्याहून काही बोलल्या असत्या तर बरे वाटले असते.

परतीच्या वाटेवर खंबाटकीचा चढ लागत नाही. पुण्याकडे येणारी वाहतूक बोगद्यातून काढलेली आहे. माईला हा बोगदा आवडत नसे. पूर्वी माहेराहून परतताना घाटाच्या माथ्यावरून एकदा मागे वळून पाहता येई. "आता वळून पाहावे तर अंधार," असे ती २००३ साली, ती शेवटची सही करून आली तेव्हा, म्हणाली होती. मोटार बोगद्यात शिरली. मागच्या बाकावर मुले बोलत होती, ती का कोण जाणे गप्प झाली. आरशात पाहिले, तर कन्या मान वळवून मागच्या काचेतून पाहत होती. लहान होत चाललेला उजेडाचा गोल तेवढा तिच्या चष्म्यावर दिसत होता.

बोगद्याबाहेर आल्यावर ती पुढे वळली आणि म्हणाली, "बाबा, २०२८ च्या कन्यागताला गाडी मी चालवीन. तुम्ही त्या दिवशी फोन बंद ठेवा."